चालतं घर आणि त्याचे फरास

‘व्हॅन’ हा शब्द इंग्रजांनी आपल्याला दिला, असं वर्गात कुणी म्हटलं की मी फळ्यावर ‘कारवाँ’ लिहितो. फारसीतला कारवाँ युरोपात गेला, तिथं त्याचा ‘कॅराव्हान’ झाला, पुढं लोकांनी त्याचा पुढचा भाग कापून टाकला आणि उरलेलं शेपूट ‘व्हॅन’ म्हणून आपल्याकडे परत आलं. उर्दूच्या मुलांना कारवाँ ओळखीचा असतो, मराठीच्या मुलांना व्हॅन. दोन्ही भाषा शिकवणाऱ्या मास्तरला एवढी चैन परवडते.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हान पर्यटनाचं धोरण आणलं तेव्हापासून हे चाकावरचं घर आपल्या भागातही बोलण्यात येऊ लागलं आहे. आत पलंग, छोटा ओटा, पाण्याची टाकी, संडास. हॉटेल नको, बुकिंग नको, वाटेल तिथं मुक्काम. मिरजेतल्या माझ्या एका माजी विद्यार्थ्याने अशी एक जुनी गाडी हौसेने विकत घेतली. दोन वर्षांनी भेटला तेव्हा त्याने जे पुराण सांगितलं, त्यात प्रवास कमी आणि दुरुस्ती जास्त होती. छतावरच्या झरोक्याभोवतीचा चिकट थर उन्हाने तडकला आणि पहिल्याच पावसात पाणी आत आलं, प्लायवूड फुगलं. गाडी उभी राहून राहून बॅटऱ्या गेल्या. टायरची नक्षी शाबूत, पण बाजूला चिरा. उंदरांनी वायरिंग कुरतडलं. टाकीत शंभर लिटर पाणी भरलं की शंभर किलो वजन वाढतं, हे आंबा घाटाच्या उतारावर ब्रेक तापल्यावर समजलं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ बांधणीत मनमानी बदल करू देत नाही, म्हणून आत एक कपाट वाढवायचं तरी कागद बघावे लागतात. मिरजेच्या गल्लीत ती वळत नाही, त्यामुळे गावाबाहेर एका गुऱ्हाळाच्या आवारात भाड्याने उभी. आणि सगळ्यात मोठा प्रश्न मैल्याच्या टाकीचा. ती रिकामी कुठं करायची? वर्षभरात गाडीत मुक्काम झाला सतरा रात्री.

‘सर, घर घेतलं की गाडी घेतली, तेच कळेना,’ तो म्हणाला. ‘दुखणी मात्र दोन्हींची आलीत.’

मी त्याला म्हटलं, तुझ्या आधी तीनशे वर्षांपूर्वी याच सातारा-मिरजेच्या पट्ट्यात एक माणूस यापेक्षा फार मोठं चालतं घर घेऊन फिरला होता आणि त्याची दुखणीही हीच होती. ती गोष्ट त्याला सांगितली ती तुकड्यातुकड्यांत. इथं सलग सांगतो.

मुघलांचं चालतं घर ही काही लष्करी सोय एवढीच नव्हती. शिकार, हवापालट, काश्मीरची सहल, सगळं त्यातच. अबुल फजलने ‘आइन-ए-अकबरी’त त्याचा जो तपशील दिला आहे तो मला कुठल्याही विजयाच्या वर्णनापेक्षा वाचनीय वाटतो. बादशहाच्या खासगी आवाराला ‘गुलालबार’ म्हणत. त्याच्या भिंती घडीच्या होत्या आणि दाराला कुलूप लागत असे. आत दुमजली लाकडी महाल उभा राहायचा. रात्री लोकांना आपापला तंबू सापडावा म्हणून चाळीस गजांच्या वर उंच खांबावर ‘आकाशदिया’ लावत आणि तो खांब सोळा दोरांनी ताणून धरत. ‘चोबीन रावटी’ नावाची लाकडी खोली होती, तिचीच बहीण आपली राहुटी. तंबूच्या दोराला फारसीत ‘तनाब’, मराठीत तणावा. कनात, शामियाना, डेरा, मेख हे शब्दही तसेच. आज लग्नाच्या मंडपात आपण हे शब्द वापरतो तेव्हा कोणाच्या घरचं सामान वापरतोय याचा विचार करत नाही, आणि करायचं कारणही नाही.

पण अबुल फजल नुसता थाट सांगून थांबत नाही, तो हिशेब देतो. असा एक मुक्काम हलवायला १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाड्या आणि १०० हमाल. उभा करायला आणि टिकवायला १००० फरास, ५०० बेलदार, १०० पाणके, ५० सुतार, तंबू शिवणारे आणि मशालजी, ३० चामड्याचं काम करणारे आणि १५० झाडूवाले. घर एकाचं आणि त्याला लागणारे हात जवळपास दोन हजार.

या घराचे संच दोन असत. बादशहा एका संचात झोपलेला असताना दुसरा पुढच्या मुक्कामी रवाना व्हायचा. हा ‘पेशखाना’, म्हणजे पुढं जाणारं घर. फ्रेंच वैद्य फ्रान्स्वा बर्निए डिसेंबर १६६४ मध्ये औरंगजेबाच्या काश्मीर सहलीबरोबर दिल्लीहून निघाला. त्याच्या मते एकेका पेशखान्याला साठाहून जास्त हत्ती, दोनशे उंट, शंभर खेचरं आणि शंभर माणसं लागत. पिण्याचं गंगाजल उंटांवरून वेगळंच चालायचं. बर्निएने स्वतःच्या सामानाचीही यादी दिली आहे: लहान तंबू, चार बांबूंची घडीची खाट, तांदूळ, लिंबू, साखर, आणि दही टांगून पाणी गाळायला लोखंडी आकडा लावलेली कापडी पिशवी. चक्का टांगायची पिशवी घेऊन काश्मीरला निघालेला हा फ्रेंच माणूस मला फार जवळचा वाटतो. धुळीत आणि शेणीच्या धुरात आपला तंबू सापडेना म्हणून तो वैतागलेलाही आहे.

त्याच सहलीत पीर पंजालच्या चढावर पुढचा हत्ती बिचकून मागं सरला आणि त्याच्या धक्क्याने जनान्याचे पंधरा हत्ती दरीत कोसळले. तीन-चार स्त्रिया दगावल्या. सहलीच्या घराला घाट आवडत नाही, हे तेव्हाच कळायला हवं होतं.

पस्तीस वर्षांनी तोच बादशहा, तोच लवाजमा, आणि समोर सह्याद्री. औरंगजेब १६८१ मध्ये दक्षिणेत उतरला आणि पुन्हा उत्तरेत परतलाच नाही. पंचवीस वर्षं त्याचा पत्ता म्हणजे तंबू. इटालियन प्रवासी जेमेली करेरी १६९५ च्या मार्चमध्ये कृष्णाकाठच्या गलगलीला छावणी पाहून गेला. परीघ तीस मैलांचा, बाजार अडीचशे आणि माणसं पाच लाख, असं तो लिहितो. आकडे फुगवलेले धरले तरी शहर चालत होतं एवढं खरं.

१९ ऑक्टोबर १६९९ ला बादशहाने भीमाकाठची इस्लामपुरी, म्हणजे मंगळवेढ्याजवळचं ब्रह्मपुरी सोडलं. निघताना एक शहाणपणाची गोष्ट केली. कुटुंबकबिला आणि जड सामान असदखानाच्या पहाऱ्यात तिथंच मागं ठेवलं. बुणग्यांचं ओझं किती नडतं हे त्याला माहीत होतं. तरीही मिरजेवरून वसंतगड आणि तिथून ८ डिसेंबरला सातारा, एवढ्या अंतराला सात आठवडे लागले. त्यात वाटेतला मुक्काम आणि वसंतगडाचा ताबा आला, तरी चाल मुंगीची होती. साताऱ्याच्या किल्ल्याच्या उत्तरेला करंजे गावाजवळ बादशहाचे डेरे पडले. हे करंजे आज सातारा शहरातच आहे.

वेढ्याची हकीकत सगळ्यांना माहीत आहे. १३ एप्रिल १७०० चे सुरुंग, त्यातला दुसरा उलटा फुटून आपल्याच लोकांवर पडल्याने गेलेले सुमारे दोन हजार जीव, ढिगाऱ्याखालून जिवंत निघालेले प्रयागजी प्रभू, आणि २१ एप्रिलला गड ताब्यात. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे की त्या साडेचार महिन्यांत किल्ल्याला वेढा घालणारी छावणी स्वतःच वेढ्यात सापडल्यासारखी होती. हत्ती, उंट, घोडे, बैल यांना रोज वैरण लागते आणि ती छावणीत पिकत नाही. मराठ्यांच्या तुकड्यांनी रसद तोडली की गवत आणायलाही मोठ्या सरदाराचं संरक्षण द्यावं लागे. धान्य बंजाऱ्यांच्या तांड्यांवर अवलंबून. चालत्या घराचं इंधन संपलं तर ते घर तंबूंचा ढीग होऊन बसतं.

मग परळी, म्हणजे सज्जनगड. ३० एप्रिलला वेढा सुरू झाला, ९ जूनला गड पडला, त्याचं नाव ‘नौरसतारा’ ठेवलं. आणि पाऊस आला. कास-परळीकडचा पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला पुढचं वेगळं सांगायला नको. २१ जूनला छावणी परळीहून भूषणगडाकडे निघाली. खटाव तालुक्यातला भूषणगड तिथून ४५ मैल, म्हणजे सुमारे ७२ किलोमीटर. पोचायला २५ जुलै उजाडला. पस्तीस दिवस, दिवसाला दोन किलोमीटर.

हे का घडलं, ते नकाशापेक्षा सामान बघून समजतं. सुती कापडाचा तंबू भिजला की त्याचं वजन जबर वाढतं. कोरड्या तंबूच्या हिशेबाने नेमलेला उंट तो पेलू शकत नाही. उंटाचा पाय वाळूसाठी घडला आहे, चिखलात तो घसरतो आणि फाकतो. हत्ती रुततो. गाडीचं चाक काळ्या रानात तुंब्यापर्यंत जातं. ऊरमोडी आणि कृष्णा दोन्ही दुथडी भरलेल्या, आणि एवढ्या लोकांना होड्या कुठून पुरणार? शिवाय ओला दोर आखडतो. संध्याकाळी नीट ताणलेला तणावा रात्री पावसात आखडून मेख उपटतो किंवा कापड फाडतो. म्हणून पाऊस सुरू झाला की अंधारात उठून एकेक दोर सैल करायचा आणि ऊन पडलं की पुन्हा ताणायचा. हे काम फरासाचं. बादशहाच्या तंबूला असे दोर किती असतील, कल्पना करा. जनावरं मेली, माणसं मेली, आणि ज्यांनी कधी जमिनीवर पाय ठेवला नव्हता अशा अमिरांना चिखल तुडवत पायी चालावं लागलं.

भूषणगडाच्या शेजारी पुसेसावळी. सप्टेंबर २०२३ मध्ये तिथं जमाव मशिदीवर चालून गेला आणि एका तरुणाचा जीव गेला. त्या दिवसांत आपल्याला उद्देशून ‘औरंगजेबाची औलाद’ हे शब्द किती सहज वापरले गेले, ते आपण सगळ्यांनी ऐकलं आहे. या विषयाकडे मी पुन्हा येतो.

३० ऑगस्टला छावणी हलली ती माणगंगेच्या काठी, सांगोल्याकडच्या खवासपूरला. हा दुष्काळी मुलूख. नदी म्हणजे वाळू. साताऱ्याच्या पावसाने पोळलेल्या माणसाला ती जागा स्वर्गासारखी वाटली असणार. पात्रात आणि दोन्ही काठांवर राहुट्या पडल्या. १ ऑक्टोबरच्या रात्री वरच्या डोंगरांत अवेळी पाऊस झाला आणि मध्यरात्री पाण्याचा लोंढा झोपलेल्या छावणीत शिरला. माणसं, जनावरं, तंबू वाहून गेले. आरडाओरडा ऐकून बादशहाला वाटलं मराठे आले. घाईत उठताना तो अडखळला आणि उजवा गुडघा निखळला. एक्क्याऐंशी वर्षांचं वय. तो पाय पुन्हा नीट झाला नाही. दरबारातल्या खुशमस्कऱ्यांनी त्याची समजूत घातली की हा तर पूर्वज तैमूरलंगाचा वारसा!

कोरड्या नदीत गाडी लावू नये हे माणदेशातला कुठलाही मेंढपाळ सांगेल. विचारलं असतं तर तेव्हाच्या मेंढपाळानेही सांगितलं असतं. मला खरं नवल बादशहाचं वाटत नाही. पुढं गेलेल्या पेशखान्याने जागा निवडताना स्थानिक माणसाला विचारलं नाही, की विचारूनही ऐकलं नाही, याचं वाटतं. नकाशावर सपाट दिसणारी जागा मोबाइलवर बघून आजही लोक ओढ्यात गाडी लावतात.

या चालत्या घरात वाढलेला एक मुलगा पुढं साताऱ्याचा राजा झाला, हे आपण विसरतो. १६८९ मध्ये रायगड पडल्यावर येसूबाई आणि सात वर्षांचे शाहू महाराज या छावणीत आले. बादशहाची मुलगी झीनतुन्निसा बेगम हिची त्यांच्यावर माया होती. १७०७ मध्ये सुटका होईपर्यंत, म्हणजे वयाच्या पंचविशीपर्यंत, त्यांचं घर म्हणजे कनातींच्या आतला एक डेरा. १७०८ मध्ये साताऱ्यात राज्याभिषेक झाल्यावर त्यांनी किल्ल्याखाली शाहूनगर वसवलं. लहानपण सगळं मेखा ठोकण्या-उपटण्याच्या आवाजात गेलेल्या माणसाने दगडाविटांचं शहर वसवावं, यात मला काही आश्चर्य वाटत नाही.

हौसेचं चाकावरचं घर म्हणून युरोपात जे पहिलं गणलं जातं ते बरंच अलीकडचं आहे. १८८५ च्या सुमारास ब्रिस्टलच्या कारखान्याने डॉ. विल्यम गॉर्डन स्टेबल्स या निवृत्त नौदल वैद्यासाठी ‘वाँडरर’ नावाची घोडागाडी बांधली. वजन जवळपास दोन टन, दोन घोडे. गंमत म्हणजे डॉक्टरसाहेबांचा नोकर तीनचाकी सायकलवर गाडीच्या पुढं जाऊन रस्ता मोकळा आहे का बघायचा. एका सायकलीवरचा पेशखाना! म्हणजे ‘वाटेल तिथं मुक्काम’ हे तिथंही खरं नव्हतं. कुणीतरी आधी पुढं जातं आणि कुणीतरी मागं राहून आवरतं, तेव्हा मधल्या माणसाला मोकळं वाटतं.

आता त्या शिवीकडे येतो. माझ्या हजेरीपटावर इतक्या वर्षांत जी आडनावं आली ती पाहा: फरास, पखाली, शिकलगार, नालबंद, गोलंदाज, बाणदार. फरास तंबू ठोकणारा आणि जाजम अंथरणारा. पखाली पाणी वाहणारा. शिकलगार हत्यारांना धार लावणारा. नालबंद नाल ठोकणारा. यातलं कुठलं घराणं मुघलांच्या छावणीबरोबर आलं, कुठलं आदिलशाहीपासून मिरजेत होतं, आणि कुठलं इथल्याच मातीतलं होतं, हे आडनावावरून ठरत नाही. कारण हीच कामं सगळ्यांकडे होती. मराठी राज्याच्या अठरा कारखान्यांत फरासखाना आहे, आबदारखाना आहे, तोफखाना आहे. पुण्यात तर फरासखाना पोलीस ठाण्याच्या नावात अजून जिवंत आहे. जुन्या मराठीत संडासाला ‘शेतखाना’ म्हणत, तोसुद्धा ‘सेहतखाना’, आरोग्याचं घर. शब्द इतके मिसळले आहेत की वेगळे काढायला बसलं तर आधी मराठीच उसवेल.

औलादच शोधायची असेल तर मग ती बादशहाची का? त्या छावणीत बादशहा एक होता आणि फरास हजार. आणि त्या हजारांतले सगळे एका धर्माचे किंवा एका मुलखाचे नव्हते. अबुल फजल स्पष्ट लिहितो की फरास इराणचे, तुराणचे आणि हिंदुस्थानचे होते. पस्तीस दिवस चिखलातून ओला तंबू ज्यांनी वाहिला त्यांचं नाव बखरीत नाही, फारसी तवारिखांत नाही. गुडघा एकाचा निखळला तेवढा नोंदला गेला.

हत्यारांचा काळ संपल्यावर यातल्या काहींनी हात दुसरीकडे वळवले. मिरजेचे शिकलगार एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेबांच्या पिढीत तंतुवाद्यांकडे वळले आणि सतारमेकर झाले. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. फरासांचं काम तर नाव बदलून चालूच आहे. मंडप, कनात, गालिचा, खुर्च्या.

माझ्या त्या विद्यार्थ्याने यंदा गाडी विकायचा विचार सोडून दिला. पावसाळ्याचे चार महिने ती हलवायचीच नाही असं ठरवलं. छताचे सांधे उन्हाळ्यातच खरवडून नव्याने भरले, पाण्याच्या दोन्ही टाक्या रिकाम्या करून वाळवल्या, टायरखाली फळ्या दिल्या, बॅटऱ्या काढून घरी आणल्या. मैल्याच्या टाकीचा प्रश्न सुटलेला नाही, तो पालिकेच्या गाडीवाल्याच्या हातापाया पडून दरवेळी नव्याने सोडवावा लागतो. गाडीवर घालायला जाड ताडपत्रीची खोळ त्याने ओळखीच्या एका मंडपवाल्या चाचांकडून शिवून घेतली. चाचा स्वतः गुऱ्हाळावर येऊन ती बांधून गेले. जाताना म्हणाले, ‘बेटा, दोर सुताचे आहेत. पाऊस लागला की जरा सैल कर, नाहीतर सगळं कापड फाडतील.’